पोलादाची कुंडली आणि माझी

जानेवारी २०२४ मधला सोमवार. कॅनडात हॅलिफॅक्सजवळ असलेल्या डार्टमथच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मालकांनी सगळ्यांना डबे खायच्या टेबलापाशी बोलावलं आणि सांगितलं, की नव्या युद्धनौकांच्या कामासाठी आपणही दर भरणार आहोत. आम्ही चाळीसेक माणसं. तोवरचं आमचं काम म्हणजे मासेमारीच्या बोटी, फेरीबोटींची दुरुस्ती, पाइपांचे सपोर्ट, छोट्या यंत्रांची सीटिंग, म्हणजे बैठका. मी तिथे ड्रॉइंग आणि हिशेब करते. मालक शेवटी म्हणाले, "ज्यांची सुरक्षा तपासणी पूर्ण होईल, त्यांनाच ही ड्रॉइंग उघडता येतील." बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते, पण मला वाटलं माझ्याकडेच बघतायत.

मी ऑगस्ट २०२२ मध्ये पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेऊन हॅलिफॅक्सला आले. त्याआधी चार वर्षं शारजा, त्याआधी डोंबिवली, आणि मूळची मुंबईतल्या घोडपदेवची. 'तपासणी' म्हटल्यावर पोटात गोळा आला. पुढचे एकवीस महिने त्या एका शब्दाभोवती गेले. तेव्हा मला हे सगळं कुणी मराठीतून, आपल्या नावांच्या आणि पत्त्यांच्या घोळासकट सांगितलं असतं, तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती. म्हणून लिहिते आहे. कंपनी कोणती, आम्ही नेमकं काय बनवतो, जहाजाच्या कुठल्या भागासाठी, यातलं काही इथे सापडणार नाही. हा मजकूर टाकण्याआधी ऑफिसात त्याचा अर्थ समजावून सांगितला आणि होकार घेतला. जहाजांबद्दल जे लिहिलं आहे, ते सगळं आधीच जाहीर झालेलं आहे.

कॅनडाच्या नौदलाकडे हॅलिफॅक्स वर्गाच्या बारा फ्रिगेट आहेत. १९९२ ते १९९६ या काळात त्या सेवेत आल्या. त्यांच्याहून जुन्या विनाशिकांपैकी शेवटची, अथाबास्कन, २०१७ मध्ये निवृत्त झाली. या दोन्हींची जागा घ्यायला एकाच मूळ आराखड्याची पंधरा जहाजं बांधायची आहेत. लढाऊ जहाजांच्या बांधणीसाठी हॅलिफॅक्सचं आयर्व्हिंग यार्ड २०११ मध्ये निवडलं गेलं, तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. ब्रिटनच्या टाइप २६ फ्रिगेटवर बेतलेला आराखडा फेब्रुवारी २०१९ मध्ये पक्का झाला, तेव्हा मी शारजात पुरवठा-बोटींचे पाइप आखत होते. पहिलं जहाज २०३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत नौदलाच्या हाती यायचं आहे आणि शेवटचं २०५० च्या सुमारास. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची असेन. हा हिशेब मी त्या सोमवारी रात्री मांडला आणि त्याने जरा धीर आला. जे काम संपायला माझं उरलेलं सगळं नोकरीचं आयुष्य लागणार आहे, त्याच्या दारात काही महिने थांबणं म्हणजे फार नाही.

मग घोडपदेवला फोन केला. माझे बाबा माझगाव डॉकमध्ये पाइप फिटर होते, १९७७ पासून २०१५ पर्यंत. तारागिरी, विंध्यगिरी, मग गोदावरी या युद्धनौकांवर. वाफेच्या लाइन जोडण्यात त्यांचा हात धरणारा त्यांच्या शॉपमध्ये नव्हता, असं त्यांचे सोबती सांगायचे. ते स्वतः घरी कधी काही बोलले नाहीत. कुठल्या जहाजावर काम चाललंय हे आम्हाला कळायचं ते जलावतरणाच्या दिवशी, पेढे घरी आले की. त्यांना सगळं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "प्लेटची कुंडली असते बाळा, आता तुझी निघेल."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. जहाजाची पोलादी प्लेट पोलादाच्या गिरणीतून येते ती एक नंबर घेऊन. ज्या ओतणीतून ती निघाली तिचा तो हीट नंबर. सोबत गिरणीचं सर्टिफिकेट असतं: कार्बन किती, मँगनीज किती, ताण दिल्यावर कधी तुटली. प्लेट कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्यायचा, पंच मारून किंवा मार्करने. नंबर नसलेला तुकडा कितीही चांगला असो, भंगारात जातो. पुढच्या काळात मला या गोष्टीचा फार आधार वाटला, कारण माझ्याशीही अगदी हेच होत होतं. माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. फक्त माझ्या प्रत्येक तुकड्यावरचा नंबर दिसायला हवा होता.

पहिली पायरी माझी नव्हतीच, कंपनीची होती. इथे 'कंट्रोल्ड गुड्स प्रोग्रॅम' नावाची नोंदणी आहे, ती केंद्र सरकारचं खरेदी खातं चालवतं आणि तिच्यामागे संरक्षण उत्पादनाचा कायदा आहे. नियंत्रित वस्तू म्हणजे फक्त तोफा आणि क्षेपणास्त्रं नव्हेत. ड्रॉइंगसुद्धा नियंत्रित वस्तूच. स्क्रीनवर नजर टाकणं म्हणजे ती वस्तू हाताळणं. त्यामुळे आधी कंपनीने नोंदणी करायची, मालकांची तपासणी व्हायची, आणि कंपनीतल्या एकाने प्रशिक्षण घेऊन 'डेझिग्नेटेड ऑफिशियल', म्हणजे या कामाचा नेमलेला अधिकारी, व्हायचं. आमच्याकडे ही जबाबदारी हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी घेतली. साठीला आलेल्या, शांत, आणि पगाराच्या दिवशी एक सेंट इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या. त्यांनी कपाटाला नवी कुलपं बसवली, पाहुण्यांची वही सुरू केली, ड्रॉइंगसाठी इंटरनेटला न जोडलेला वेगळा कॉम्प्युटर मागवला. कंपनीचा कागद मे महिन्यात आला. चार महिने.

मग आमचे फॉर्म. गेल्या पाच वर्षांत कुठे राहिलात, कुठे काम केलंत, शिक्षण, परदेशप्रवास, पैशाचे व्यवहार, गुन्ह्याची नोंद, परदेशातले महत्त्वाचे संबंध, आणि ओळखीची माणसं जी तुमच्याबद्दल सांगतील. आमच्यातले बहुतेक जण नोव्हा स्कोशियात जन्मलेले. त्यांनी दुपारच्या सुट्टीत फॉर्म भरून दिला. मला तीन आठवडे लागले.

नावाचं आधी सांगते. माझ्या मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. लग्नाआधीच्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, नाव वाचलं की बाईची सगळी वाट दिसते. पण इथल्या फॉर्मवर 'मधलं नाव' म्हणजे जन्मापासून मरेपर्यंत एकच. मी एका कोऱ्या कागदावर ही सगळी रूपं लिहिली, कुठलं कधीपासून कधीपर्यंत आणि का बदललं ते समोर मांडलं, विवाह नोंदणीचा दाखला जोडला आणि नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. हा एक कागद पुढे प्रत्येक टप्प्यावर कामी आला. तुमच्या घरातल्या मुलींना आत्ताच करून ठेवायला सांगा.

पत्त्याची तऱ्हा तीच. 'रूम नंबर, दुसरा माळा, चाळीचं नाव, अमक्या मंदिरासमोर' हे रस्ता-क्रमांकाच्या चौकटीत बसत नाही. मी प्रत्येक पत्ता सगळीकडे अक्षराअक्षराने एकसारखाच लिहिला. बाईंनी मला बजावलं होतं, की पत्ता विचित्र दिसला तर चालेल, पण दोन फॉर्मवर दोन तऱ्हांनी दिसता कामा नये.

आणि मग अजमान. एप्रिल २०२० मध्ये शारजातली माझी नोकरी गेली. कोविडचे दिवस. नवरा तेव्हा भारतात अडकलेला, भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि चार महिने मी शारजाशेजारच्या अजमानला मावसभावाच्या घरी राहिले. हॉलमध्ये गादी टाकून. त्या चार महिन्यांचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. ना भाडेकरार, ना विजेचं बिल, ना पगाराची पावती. त्या काळाबद्दल मी घरीसुद्धा फारसं बोलले नव्हते. नोकरी गेली हे सांगायची लाज वाटायची. फॉर्मवर मात्र ते लिहावं लागलं, महिना आणि वर्ष घालून: बेकार, नातेवाइकाच्या घरी. मावसभावाकडून सहीचं पत्र मागवलं, सोबत त्याच्या तेव्हाच्या भाडेकराराची प्रत. ते लिहिताना हात थरथरला, हे खरं आहे. पण मधला काळ आधीच्या नोकरीत ढकलून द्यायचा मोह जर कुणाला झाला, तर त्याला हात जोडून सांगते, तसं करू नका. रिकामे महिने हा दोष नाही. झाकलेले महिने हा दोष आहे.

२८ जून २०२४ ला सरकारने जहाजांची नावं जाहीर केली. वर्गाचं नाव रिव्हर, आणि पहिली तीन जहाजं फ्रेझर, सेंट लॉरेंट आणि मॅकेन्झी. तिन्ही नद्या. त्याच दिवशी हॅलिफॅक्सच्या यार्डात चाचणीच्या मॉड्यूलचं, म्हणजे जहाजाच्या एका तुकड्याचं, काम सुरू झाल्याचंही जाहीर झालं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाकडे याच वर्गनामाच्या विनाशिका होत्या. त्यातल्या फ्रेझरला जून १९४० मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून माणसं बाहेर काढण्याच्या धामधुमीत, ब्रिटिश क्रूझर कलकत्ताची धडक बसली आणि ती दुभंगून बुडाली. त्या शनिवारी मी बंदरात सॅकव्हिल बघायला गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्लॉवर वर्गाच्या कॉर्व्हेटपैकी, म्हणजे छोट्या युद्धनौकांपैकी, उरलेली ही एकटीच, आता संग्रहालय. खालच्या डेकवर माणसाच्या डोक्याला लागतील इतके खाली पाइप. मी बराच वेळ त्यांचे सपोर्टच बघत उभी राहिले.

त्याच आठवड्यात बाईंनी माझी कंट्रोल्ड गुड्सची तपासणी पूर्ण केली. कॅनडाचा नागरिक नसलेला पण इथे राहणारा पीआर यात बसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि जाहिरात वाचूनच ते अर्ज करत नाहीत. तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्यांना मात्र वेगळी सूट मागावी लागते. जहाजावर अमेरिकेची एजिस ही लढाऊ प्रणाली आहे, त्यामुळे अमेरिकेचे निर्यात-नियमही सोबत येतात आणि नागरिकत्वाचे प्रश्न पुन्हा विचारले जातात. विचारू द्या. उत्तर तेच द्यायचं.

पुढची पायरी 'रिलायबिलिटी स्टेटस', म्हणजे माणूस विश्वासार्ह असल्याची सरकारी मान्यता. ही आपणहून मागता येत नाही. सरकारी कामाशी संबंध असलेली कंपनीच तुमच्यासाठी अर्ज करते, तिच्या सुरक्षा अधिकाऱ्यामार्फत, सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. त्यामुळे 'क्लिअरन्स मिळवून देतो' म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर पाठ फिरवा. अर्जाला फी नाही. खर्च होतो तो बाकी कागदांवर. फॉर्म ३३०-२३ जुलैत भरला, बोटांचे ठसे दिले, पंच्याहत्तर डॉलर. परदेशातल्या वास्तव्यासाठी तिथलं पोलीस सर्टिफिकेट. पीआरच्या वेळचं होतं, पण नवं हवं म्हणाले. अमिरातीचं काढताना माझी दमछाक झाली. तिथलं ओळखपत्र संपलेलं, फोन नंबर बंद, आणि ऑनलाइन अर्जाचा कोड त्याच नंबरवर जाणार. शेवटी ठसे कागदावर घेऊन ते वकिलातीकडून साक्षांकित करून घेतले. कुरिअर, नोटरी आणि फी मिळून दोनशेच्या वर डॉलर आणि सात आठवडे गेले. आखातातून निघणाऱ्या प्रत्येकाने विमानात बसण्याआधी तिथलं पोलीस सर्टिफिकेट, मालकाचं अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या भाडेकराराची प्रत घेऊन निघावं. मी निघताना खजुराचे डबे घेतले, कागद घेतले नाहीत.

या काळात ऑफिसात मी काय करत होते? जुनीच कामं. शेजारच्या खोलीचं दार बंद असायचं आणि आत ज्यांचं सगळं झालं होतं ते दोघे बसायचे. कुणी वाईट वागलं नाही. पण मी जवळून गेले की स्क्रीन झाकली जायची, तेव्हा आत काहीतरी लागायचं. नियम म्हणून ते बरोबरच होतं. आज मीही तेच करते.

त्या रिकाम्या संध्याकाळी मी उघड असलेलं वाचत राहिले आणि माझ्या कामाकडे नव्याने बघायला शिकले. या जहाजाचं एक मोठं काम पाणबुडी शोधणं. आणि पाणबुडी शोधणाऱ्या जहाजाने आधी स्वतः गप्प राहायचं असतं. म्हणून हळू जाताना ते विजेच्या मोटरींवर चालतं, डिझेल जनरेटर वीज पुरवतात. जोरात पळायचं असेल तेव्हा गॅस टर्बाइन. आता जनरेटर कितीही चांगल्या रबरी पायांवर बसवा, त्याला जोडलेला थंड पाण्याचा पाइप तर थेट भिंतीकडे जातो ना? यंत्राची थरथर पाइपातून सपोर्टमध्ये, सपोर्टमधून जहाजाच्या अंगात आणि अंगातून समुद्रात उतरते. म्हणून क्लॅम्पमध्ये रबर. फिटरने भलत्या उत्साहाने बोल्ट आवळला आणि रबर पार दाबलं गेलं, की आवाजाला चालून जायला पूल मिळाला. कागदावर सपोर्ट बरोबर, जहाज मात्र बोलकं. आम्ही मासेमारीच्या बोटींवर जो तुकडा 'पाइप पडू नये म्हणून' लावत होतो, तोच इथे जहाजाचं तोंड बंद ठेवतो.

दुसरी गोष्ट धक्क्याची. जवळ पाण्याखाली स्फोट झाला तर सगळं जहाज क्षणात उचलल्यासारखं होतं. अमेरिकी नौदलाच्या धक्का-चाचणीच्या मानकात दोन श्रेणी आहेत. 'ए' श्रेणीच्या वस्तूने धक्क्यानंतरही काम करत राहायला हवं. 'बी' श्रेणीची वस्तू बंद पडली तरी चालेल, पण तुटून कुणाच्या अंगावर येता कामा नये. हे वाचलं तेव्हा सॅकव्हिलच्या डेकवरचे ते डोक्याजवळचे पाइप आठवले. आणि तिसरी गोष्ट वजनाची. सपोर्ट मजबूत करायचा म्हणून पट्टी जाड केली, असे हजारो सपोर्ट, आणि बरेचसे पाण्याच्या रेषेच्या वर. जहाजाचा तोल तिथे बिघडतो. रडार मास्टवर उंच बसवलेलं असताना वर चढणाऱ्या प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो, आणि जहाज तीस-चाळीस वर्षं चालायचं असल्याने पुढे येणाऱ्या यंत्रांसाठीही वजनाची शिल्लक ठेवावी लागते. गप्प, मजबूत आणि हलका: एका सपोर्टला हे तिन्ही एकाच वेळी साधावं लागतं. मला हे फार सुंदर वाटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत आणि कॅनडा यांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी बाहेर काढले. माझा अर्ज तेव्हा अधांतरी होता. रोज सकाळी बातम्या उघडायची आणि बंद करायची. मी बाईंना सरळ विचारलं, याचा परिणाम होईल का? त्या म्हणाल्या, "अर्जात तू आहेस. देश नाहीये." यावर पूर्ण विश्वास बसला असं नाही म्हणणार. पण नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला रिलायबिलिटीचा कागद आला.

थांबण्याच्या त्या महिन्यातला एक रविवार लक्षात राहिलाय. ईस्टर्न पॅसेजच्या पुढे हार्टलन पॉइंट म्हणून टोक आहे. जहाजावरची लढाऊ प्रणाली आधी जमिनीवर जोडून तपासण्यासाठी तिथे केंद्र उभं करायचं ठरलं होतं. ती जागा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची, त्यामुळे पक्षी बघणाऱ्या स्थानिक लोकांनी विरोध केला होता. मी गेले तेव्हा वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि एक आजोबा दुर्बीण लावून उभे होते. त्यांच्याशी अर्धा तास बोलले. त्यांचं म्हणणं होतं, की जहाजं हवीत, पण जागा दुसरी शोधायची होती. मला त्यांचं म्हणणं पटलं. तरी जमिनीवरची चाचणी हवीच, समुद्रात गेल्यावर चूक सापडण्यापेक्षा. दोन्ही खरं असू शकतं आणि दोन्ही घेऊनच मी परतले.

आमच्या कामाचा एक भाग आणखी वरच्या पातळीचा होता, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये 'सीक्रेट' साठी, म्हणजे गुप्त माहिती बघण्याच्या परवानगीसाठी, अर्ज गेला. फॉर्म ३३०-६०. आता पाचऐवजी दहा वर्षं, शिवाय देशाची गुप्तवार्ता संस्था तपासणार. आई-वडील, भावंडं, नवरा, सासू-सासरे, कोण कुठे काम करतं. बाबांच्या रकान्यावर मी थांबले. निवृत्त, माझगाव डॉक, मुंबई. परक्या देशाच्या नौदलासाठी जहाजं बांधणारं सरकारी यार्ड. नवरा म्हणाला, 'निवृत्त' एवढंच लिही. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अडतीस वर्षं काम केलंय, चोरी नाही केली. नाव पूर्ण लिही." लिहिलं.

योगायोग असा, की १५ जानेवारीला मुंबईत माझगाव डॉकने बांधलेली नवी निलगिरी नौदलात दाखल झाली. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या निलगिरीचं नाव तिने पुन्हा घेतलं, तिच्या वर्गात तारागिरीही आहे. बाबांनी टीव्हीसमोर बसून मला फोन लावला. हॅलिफॅक्समध्ये मध्यरात्र उलटून गेली होती, उणे अकरा तापमान, आणि कानात बँड वाजत होता. तिकडे डोंगरांची नावं परत येत होती, इकडे नद्यांची. बाबांनी विचारलं, "तुमच्या फ्रेझरची लांबी किती?" मी म्हटलं, एकशे एक्कावन्न मीटर, हे जाहीर आहे. ते म्हणाले, "मोठी आहे."

भारताचं पोलीस सर्टिफिकेट त्यामानाने सोपं गेलं. फक्त दहा वर्षांत पासपोर्टवरचा पत्ता दोनदा बदललेला, त्यामुळे घोडपदेवला आणि डोंबिवलीला दोन्हीकडे चौकशी झाली. आईने हवालदाराला चहा दिला आणि माझे दहावीचे मार्क सांगितले.

८ मार्च २०२५ ला पहिल्या तीन जहाजांच्या बांधणीचा करार जाहीर झाला. सुरुवातीची रक्कम आठ अब्ज डॉलर, तिन्ही जहाजांचा अंदाज बावीस अब्जांच्या वर. जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी जोरात चर्चा झाली. पंधरा जहाजांचा सरकारचा अगदी सुरुवातीचा अंदाज सव्वीस अब्जांचा होता. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २०२१ मध्ये तो सत्याहत्तर अब्जांवर नेला. आमचा एक वेल्डर म्हणाला, एवढ्यात हॉस्पिटलं झाली असती. कुणी त्याला गप्प केलं नाही. मला वाटतं, लोकांचा इतका पैसा जिथे जातो, तिथे प्रत्येक तुकड्याचा आणि प्रत्येक माणसाचा माग ठेवणं हे निदान त्या पैशाचं देणं आहे. त्या दिवसापासून माझ्या फाइलचा जाच थोडा कमी वाटू लागला.

मग काहीच नाही. एप्रिल. मे. फोन करून उपयोग नसतो, चौकशी फक्त कंपनीच्या अधिकाऱ्यानेच करायची असते. मी दर सोमवारी बाईंच्या टेबलापाशी जायचं ठरवलं होतं, एरवी विचारायचं नाही. जूनमध्ये त्यांनी स्वतःहून बोलावलं. प्रश्न आला होता. अजमान, एप्रिल ते ऑगस्ट २०२०: उदरनिर्वाह कसा केला? मी बँकेचं स्टेटमेंट काढलं. शेवटचा पगार, मग शिल्लक उतरत गेलेली, मग नवऱ्याने दोनदा पाठवलेले पैसे. एका पानात सगळं लिहून दिलं. ज्या महिन्यांची इतकी वर्षं लाज वाटली, त्यांचा ताळा एका पानात जमला. त्या रात्री मी मावसभावाला फोन करून आभार मानले. त्याला वाटलं मी गादीसाठी मानतेय. तेही होतंच.

दिवाळी जवळ आलेली. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, गुरुवारी दुपारी, बाईंनी दार लावून घेतलं आणि फॉर्म ३३०-४७ पुढे केला. सुरक्षेची माहिती समजावून दिल्याचा कागद. काय बोलायचं नाही, कागद कुठे ठेवायचे, प्रवासाला जाताना काय कळवायचं, लग्न, घटस्फोट, पत्ता, अटक, काहीही बदललं तर सांगायचं, आणि ही जबाबदारी नोकरी सुटल्यावरही संपत नाही. त्यांनी प्रत्येक मुद्दा वाचून दाखवला, जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय. सही केल्यावर त्यांनी हात मिळवला. खाली मालकांनी काही बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हती, पण त्यांनी शेजारच्या खोलीतली एक खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, ही तुझी.

काही गोष्टी अजूनही बंद आहेत. फक्त कॅनडाच्या नागरिकांनाच बघता येणारी माहिती मला दिसत नाही आणि नागरिकत्वाचा निर्णय आम्ही घेतलेला नाही. भारताचा पासपोर्ट परत द्यायचा ही घरातल्या सगळ्यांनी बसून बोलायची गोष्ट आहे. लिंक्डइनवर मी क्लिअरन्सचा उल्लेख केलेला नाही, तुम्हीही करू नका. बाकी फाइल जपून ठेवली आहे. दहा वर्षांनी नूतनीकरण येईल तेव्हा हाच सगळा प्रवास पुन्हा विचारतील.

नोव्हेंबरमध्ये पहिली प्लेट आली. मिल सर्टिफिकेट हातात घेऊन मी शॉपमध्ये उतरले, नंबर ताडून बघितला, कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर तो उतरलाय ना ते पाहिलं आणि तपासणीच्या कागदावर सही केली. संध्याकाळी घोडपदेवला फोन लावला. तिकडे पहाट झालेली, बाबा दूध आणायला निघण्याच्या तयारीत.

"काय मग, आज कुठल्या लाइनचं होतं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, नाही सांगता येणार."

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. दुधाच्या कॅनची कडी वाजली.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.